पाव्हणं, तुम्ही बसा

माझ्या सासऱ्यांच्या घरात एक हातांची खुर्ची आहे. ती फक्त मी आलो की अंगणात येते. एरवी ती आतल्या खोलीत कांद्याच्या गोण्यांवर उलटी पडलेली असते. मी केंदूरला पोचून मोटरसायकल स्टँडवर लावली की सासूबाई ती बाहेर आणतात, पदराने पुसतात, आणि सासरे म्हणतात, "बसा, पाव्हणं." मग मी बसतो. निघायची वेळ होईपर्यंत माझ्याकडे बसण्याखेरीज दुसरं काम नसतं.

जावयाला काम सांगायचं नसतं, हे मला काही नवीन नाही. दौंडला आमच्याकडेही बहिणीचा नवरा आला की वडील स्वतः दुधाची पिशवी घेऊन येतात आणि त्याला पंख्याखाली बसवतात. पण माझं प्रकरण जरा वेगळं होतं. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. बायको केंदूरच्या शेतीवाडी असलेल्या मराठा घरातली, मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, बौद्ध घरातला. सह्या करून लग्न झालं आणि सासऱ्यांनी लेकीशी बोलणं सोडलं. मग सासूबाईंनी सासऱ्यांशी बोलणं सोडलं. त्यांचं घर असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक, पण शेवटी एका दिवाळीला आम्हा दोघांना बोलावणं आलं, आणि पुढे दर दिवाळीला येत राहिलं.

त्या घरात मला कधीही कुणी वाकडं बोललं नाही. उलट इतका मान, की अवघडायला व्हायचं. जेवायला मला आधी वाढायचे, बाहेरच्या खोलीत, चांगल्या ताटात. सासरे समोर बसून पावसापाण्याचं विचारायचे. "कंपनी काय म्हणती? घ्या, भजी घ्या." माझं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी 'पाव्हणं'. नेहमी 'तुम्ही', नेहमी 'बसा', नेहमी 'घ्या'. आणि माझी बायको, जी शिरूरच्या आमच्या दोन खोल्यांत मला नावाने हाका मारते आणि वेळप्रसंगी 'ए' म्हणते, तीसुद्धा केंदूर फाटा आला की 'अहो'वर यायची.

मला एवढंच कळत नव्हतं, की हा मान आहे की अंतर. बाहेरच्या खोलीतलं ताट जावई म्हणून, की आणखी कशासाठी? परतीच्या वाटेवर मी हे बायकोला विचारायचो आणि ती मागच्या सीटवरून भडकायची. "मान दिला तरी तुला त्रास! त्यांनी नक्की काय करायचं, ते तरी सांग." ते मलाही सांगता यायचं नाही. मला त्या घरातला एक व्हायचं होतं, आणि हे तोंडाने मागता येत नाही. कुणी दिलं तर मिळतं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला आहे. तयार झालेलं इंजिन आमच्याकडे येतं, लोखंडी चौकटीवर चढतं, पाइपा जोडल्या जातात, आणि आम्ही ते चालवून बघतो. कानाला जरा काही वेगळं लागलं की मला चैन पडत नाही. घरात मिक्सर जरी जड चालला तरी मी उठून बघतो. बायकोच्या मते हा आजार आहे. तर अशा माणसाला खुर्चीवर बसवून समोर बिघडलेली गाडी उभी केली, त्या दिवाळीची ही गोष्ट.

सासऱ्यांकडे एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी आहे. शेतातली सगळी कामं ट्रॅक्टर करतो. ही गाडी शिरूरला बँकेत जायला, लग्नकार्याला, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना माहेरी केडगावला न्यायला. सासरे ती स्वतः धुतात आणि मेहुण्याच्या हातात क्वचितच देतात. पाडव्याच्या दुपारी मी माझ्या खुर्चीवर बसलेलो असताना ते गाडी घेऊन फाटकातून आत आले, गिअर काढला आणि गाडी तशीच चालू ठेवून फाटक लावायला उतरले. मी कान टवकारले. इंजिन लंगडत होतं. तीनदा बरं, एकदा अडखळत, मग पुन्हा बरं, मग दोनदा अडखळत. बाहेरचा आरसा थरथरत होता. आत डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवत होता, आणि तो मान हलवणाऱ्यातला गणपती नव्हता. सासरे परत येऊन बसले, त्यांनी रेस दिली, आणि सगळं सुरळीत झालं. आरसा थांबला. रेस सोडली की पुन्हा तेच.

"मामा, गाडी मिसिंग मारतेय का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"मारती जरा. दसऱ्याच्या नंतर धरलंय तिनं आसं," ते म्हणाले. "उभी ऱ्हायली की थरथरती. फाटकापाशी, सिग्नलला. म्या काय करतो, येक पाय रेसवरच ठेवतो. पळती तवा काय न्हाई."

"आणि मेकॅनिक?"

"शिक्रापूरचा मेकॅनिक गेला गावाकडं. भाऊबीज झाल्याबिगर यायचा न्हाई. आन् उद्या तर हिला केडगावला न्यायचीय. हिचा भाऊ वाट बघतोय." ते गाडीकडे बघत होते. "कालच्याला चौकात दोनदा बंद पडली. मागनं ट्रक. ही शेजारी बसल्याली."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यष्टीनं जाऊ की." सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माहेरी बायकोला एसटीने पाठवायची म्हणजे त्यांच्या मते गाडी असून नसल्यासारखं.

मी उठलो. "बोनेट उघडतो, बघू या काय ते."

"न्हाई, न्हाई, न्हाई!" सासरे गाडीतून अक्षरशः उडी मारून बाहेर आले. "पाव्हणं, तुम्ही बसा. सणासुदीचं हात काळं करता व्हय?"

"मामा, मी रोज हेच करतो."

"ते कंपनीत. हितं न्हाई. लोकं काय म्हनतील, जावयाला बोलावलं आन् गाडीखाली घातलं. बसा तुम्ही."

मी बायकोकडे बघितलं. ती ओट्यावर बसून करंजी खात होती. तिने खांदे उडवले. शेवटी मधला मार्ग निघाला: मी खुर्चीवरून सांगायचं, सासऱ्यांनी हात घालायचा, आणि मेहुण्याने गाडीत बसून सांगितलं तेवढंच करायचं. मेहुणा शिक्रापूरला एका गोदामात सुपरवायझर आहे, चांगला दाढीमिश्यांचा गडी, पण बापापुढे त्याची दाढी कामाला येत नाही.

पहिलं काम सोपं होतं. चार प्लग, प्रत्येकावर एक कॉइल, प्रत्येक कॉइलला एक सॉकेट. गाडी चालू ठेवून एकेक सॉकेट काढायचं. काढल्यावर इंजिन जास्त लंगडलं तर तो प्लग काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. मी हे समजावून सांगितलं. सासरे वाकले, पहिलं सॉकेट काढलं. त्याच क्षणी मेहुण्याला काय वाटलं कोण जाणे, गाडी बंद पडेल या भीतीने त्याने रेस दिली.

"आरं गाढवा!" सासरे बोनेटमधूनच ओरडले. "तुला सांगितलंय का रेस द्याया? पाय काढ! पाय काढ म्हन्तो ना, आइकू येत न्हाई का?"

मेहुण्याने पाय काढला. ना त्याला राग आला, ना वाईट वाटलं. एका हाताने तो मोबाइल बघत होता. खुर्चीत बसल्या बसल्या मला त्या गाढवाचा हेवा वाटला, हे मी इथे सरळ सांगून टाकतो.

चारही सॉकेट काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन आणखी बिघडलं. म्हणजे चारही प्लग आपापलं काम करत होते. मग हवेचा फिल्टर काढायला लावला. त्यात वाटेवरचा बराच फुफाटा होता. सासऱ्यांनी तो कडुनिंबाच्या बुंध्यावर आपटून पोतं झाडावं तसा झाडला आणि पुन्हा बसवला. फरक नाही. फिल्टरच्या पुढची नळी काढून आतली झडप फडक्याने पुसायला लावली. फडकं काळं झालं, गाडीला फरक नाही. एव्हाना माझी खुर्ची जागा सोडून बरीच पुढे आली होती. मी बसल्या बसल्याच ती सरकवत होतो आणि सासूबाई माझ्यासाठी दुसरा चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना मी आधीच्या जागी सापडलो नाही.

आता माझा संशय एकाच गोष्टीवर होता, पण ती समजावून सांगताना माझी पंचाईत झाली. कारखान्यात आम्ही दोन इंग्रजी शब्द बोलतो आणि काम भागतं. इथे मी म्हणालो, "मामा, इंजिन हवा ओढतं, तर ती फिल्टरमधून मोजून मापून आत गेली पाहिजे. त्या हिशेबाने पेट्रोल पडतं. पण मध्येच एखादी नळी फाटली असेल, तर तिथून चोरून हवा आत जाते. तिचा हिशेब नाही. मग पेट्रोल कमी पडतं आणि..."

"म्हंजी सक्शननं हवा धरली," सासरे म्हणाले.

मी खुर्चीच्या कडेवर आलो.

"विहिरीवर न्हाई का हुत? फुटबॉल पान्यात, वर मोटार, आन् मधी सक्शनचा जोड ढिला झाला की पाइप हवा घेतो. मग पानी आचकं देत येतं. भक भक भक." त्यांनी हाताने पाणी कसं येतं ते दाखवलं. फुटबॉल म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असते ती झडप. मूळ शब्द काय होता ते आता कुणी विचारत नाही. "आसंच ना?"

"अगदी असंच," मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता. माझ्या धंद्यातली गोष्ट ह्या माणसाला त्याच्या विहिरीवर कधीपासून ठाऊक होती. मी उभा राहिलो होतो आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"मग रेस दिल्यावर नीट का पळती?"

"रेस दिली की ती मुळातच खूप हवा ओढते. त्यात चोरून आलेली थोडीशी कळत नाही."

"व्हय की," ते म्हणाले. "पावसाळ्यात विहीर वर आली म्हंजी जोड ढिला हाय ते ध्यानातबी येत न्हाई." ते तडक गोठ्याकडे गेले आणि ठिबकच्या नळीचा एक हातभर तुकडा घेऊन आले. एक टोक त्यांनी कानात धरलं आणि दुसरं इंजिनावर फिरवायला लागले. डॉक्टरसारखे नाही, त्यांच्यासारखेच, एक डोळा मिटून आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून. मला हे सुचलं नसतं. आमच्याकडे त्या कामासाठी यंत्र आहे.

"हितं," ते एकदम म्हणाले. "सुस्स करतंय. सापावानी."

"कुठे?"

"हितं, मागं. दिसत न्हाई."

आणि मी हात घातला.

हे का झालं, ते सांगायला हवं. आमच्या टेस्टिंगमधलं इंजिन चौकटीवर उभं असतं. त्याला थंड ठेवायला कारखान्याचं पाणी फिरतं. त्याच्यापुढे गाडीचा रेडिएटर नसतो, त्यामुळे रेडिएटरचा पंखाही नसतो. रोजच्या सवयीने चालत्या इंजिनापाशी माझा हात पुढच्या बाजूने निर्धास्त आत जातो. सासऱ्यांची गाडी मात्र आता बराच वेळ उभ्या उभ्या चालून तापली होती, आणि अशा गाडीचा पंखा आपोआप, न सांगता सुरू होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं डोक्यात होतं आणि सवय हातात.

"आरं ए गाढवा!" ठिबकची नळी सपकन माझ्या मनगटावर बसली. "हात काढ! बोटं तुटत्याल! डोळं हायती का बटनं?"

मी हात मागे घेतला. पाठोपाठ पंखा घर्र करून सुरू झाला. माझी बोटं जिथे होती तिथे आता नुसता वारा होता.

 मेहुण्याने गाडीतून डोकं बाहेर काढलं, कारण त्याला वाटलं गाढव तोच. बायको ओट्यावरून उठली होती. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून म्हणाल्या, "अवो, जावई हायती ते!"

सासऱ्यांच्या हातातली नळी खाली आली. "चुकलं, पाव्हणं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तोंडातनं गेलं. भ्यालो म्या."

माझे कान तापले होते. ते का तापले, तेही सांगतो. माझ्या वडिलांची सगळी नोकरी दौंडला रेल्वेत गेली. सुरुवातीच्या काळात एक वरचा माणूस त्यांना 'अरे' म्हणून बोलवायचा, आणि गँगमधल्या बाकीच्यांना 'अहो'. वडील ओ द्यायचे नाहीत. तो माणूस नीट हाक मारेपर्यंत ते त्याच्याकडे पाठ करून काम करत राहायचे. आमच्या घरात हे कुणी पाठ करून घेतलं नाही, पण आम्हा भावंडांच्या अंगात ते भिनलेलं आहे. परक्या माणसाने 'अरे' म्हटलं की आमची मान आपोआप ताठ होते. मोठ्या जमिनीवाल्याने म्हटलं तर जास्तच.

माझी मान तशी ताठ झाली, आणि तशीच ती सैल झाली. कारण तो शब्द माझ्या ओळखीचा होता. थोड्या वेळापूर्वी गाडीत बसलेल्याला पडला होता तोच, त्याच आवाजात, त्याच काळजीने. पाव्हण्याला असं ओरडता येत नाही. पाव्हण्याची बोटं जात असली तर आधी 'अहो पाव्हणं' म्हणावं लागतं, आणि तेवढ्यात बोटं गेलेली असतात. आता मात्र हा माणूस तो शब्द परत घ्यायला निघाला होता. पुन्हा 'चुकलं', पुन्हा 'पाव्हणं'.  मिळालेलं जातंय असं वाटलं.

"मामा," मी म्हणालो, "पंखा थांबला की मी ह्या बाजूने हात घालतो. तुमचा तिथे पोचायचा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मनगटाकडे, मग तोंडाकडे.

"गाडी बंद कर रे," ते मेहुण्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. थोडे घुटमळले. "तू थांब जरा. पंखा पुरता थांबू दे. आन् बाह्या वर घे, सणाचा शर्ट हाय."

थांब. घे. मराठीत माणूस कुठे बसतो ते क्रियापदाच्या शेपटाला कळतं. माझ्या क्रियापदांचं शेपूट गळून पडलं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बाह्या वर घ्यायच्या ऐवजी खालीच ओढत बसलो.

पंखा थांबला. मी बाजूने हात घातला, नळ्यांच्या मागे चाचपत गेलो, आणि बोटांना भलतंच काही लागलं. दोरा. बारीक, नायलॉनचा, करकचून आवळलेला. जरा ओढल्यावर त्याच्याबरोबर झेंडूचं एक वाळलेलं देठ आलं.

सगळे त्या देठाकडे बघायला लागले.

"म्या सांगितलं हुतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आता पदर काढला होता. "सांगितलं हुतं का न्हाई? हार फुडं जाळीला बांधा म्हनून."

दसऱ्याला गाडीची पूजा करतात, तेव्हा हार पुढच्या जाळीला किंवा बोनेटवर बांधतात. सासऱ्यांनी तो बोनेट उघडून आत, इंजिनाला बांधला होता. तोही हाताला लागेल त्या रबरी नळीला, आणि चालताना सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारून. फुलं गळून गेली, दोरा राहिला. इंजिन तापत गेलं, रबर मऊ पडत गेलं, आणि दोऱ्याने नळीचं टोक हळूहळू कापलं.

"पत्र्याची पूजा करत्यात का?" सासरे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण त्यांना स्वतःलाच हसू येत होतं. "विहिरीवरच्या डिझेल इंजनाला आमचा बाप हार घालायचा तो इंजनालाच. मशिनीची पूजा मशिनीला. जाळीनं काय काम केलंय?"

मेहुणा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. बायकोला ठसका लागला. मी सासऱ्यांच्या बाजूने बोललो. म्हटलं, विचार एकदम बरोबर आहे, फक्त गाठ चुकली.

"गाठ जरा जास्तच बसली," ते म्हणाले.

पुढचं काम आम्ही दोघांनी केलं. नळी तशी लांब होती, त्यामुळे चिरलेलं टोक ब्लेडने कापून टाकता आलं. कापलेलं टोक गरम पाण्यात धरलं, मऊ केलं आणि मूळ जागी दाबून बसवलं. सासऱ्यांनी पंपाच्या सामानाच्या डब्यातून मापाचा क्लॅम्प शोधून आणला. मी तो आवळत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अजून जरा. बास. बास म्हन्लं ना, रबर हाय ते." मी बास केलं. केडगावला जाऊन यायला एवढं पुरेल, सणानंतर शिरूरहून नवी नळी आणून टाकू, असं मी सांगितलं.

गाडी सुरू केली. पहिल्यांदा ती जरा घुटमळली, मग तिचा आवाज हळूहळू खाली बसला, आणि तसाच राहिला. आरसा हलत नव्हता. गणपती गप्प होता. सासऱ्यांनी बोनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"निजल्यावानी झाली," ते म्हणाले.

हात धुवायला आम्ही टाकीपाशी गेलो. धुण्याची पावडर घेऊन आधी मी त्यांच्या हातावर पाणी घातलं, मग त्यांनी तांब्या माझ्याकडून घेतला. माझ्या मनगटावर नळीचा लाल वळ उमटला होता. त्यांनी तो बघितला आणि त्यावर जरा जास्त पाणी घातलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "त्यांचं ताट भाईर घेऊ ना?"

"भाईर कशाला? आत बसू दे त्याला, आमच्यासंगं," सासरे म्हणाले.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात, मेहुण्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून जेवलो. मला आधी वाढलं नाही. भाकरी माझ्यापर्यंत यायला वेळ लागला आणि मेहुण्याने माझ्या ताटातली भजी उचलली. आधीचं बाहेरचं ताट नक्की कशासाठी होतं, हे मला आजही ठाऊक नाही. थोडं ह्यासाठी असेल, थोडं त्यासाठी असेल. मी ते कधी विचारलं नाही, आणि त्या जेवणानंतर विचारावंसंही वाटलं नाही. मी फार सुखात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने भावाला ओवाळलं. सासरे-सासूबाई गाडीने केडगावला निघाले आणि आम्ही मोटरसायकलवर दौंडला, माझ्या आईवडिलांकडे. फाटकात गाडी थांबली, आणि नीट थांबली, न थरथरता. सासऱ्यांनी काच खाली केली. "सावकास जा. चौफुल्याला ट्रक लई असत्यात. पोचलास की फोन कर." आणि ते गेले.

न्हावऱ्यापर्यंत बायको मागे बसून एकटीच हसत होती. मध्येच माझ्या कानाशी येऊन 'गाढवा' म्हणायची.

दौंडला आईने चहा टाकला आणि मी वडिलांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. प्लग, फिल्टर, फुटबॉल. वडील ऐकत होते. मी गाढवापाशी आलो आणि त्यांनी कप खाली ठेवला. हसतील असं मला वाटलं होतं.

"कुणाला म्हनाला? तुला?"

"हो."

"तोंडावर?"

"अहो, पंखा..." मी म्हणायला लागलो. बायको खाली मान घालून बशीतला चिवडा निवडत होती. मला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने अख्खी नोकरी एका 'अहो'साठी पाठ ताठ ठेवून काढली, त्याला मी हे गमतीत सांगायला नको होतं.

"हात बघू," वडील म्हणाले.

मी हात पुढे केला. वळ आता फिका झाला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझी बोटं एकेक करून हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. रेल्वेत त्यांनी यंत्रात गेलेले हात बघितलेले आहेत. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत.

"पंखा लगीच सुरू झाला?"

"हात काढला आणि लगेच."

त्यांनी माझा हात सोडला नाही. "निघताना काय म्हनाला?"

"सावकाश जा म्हणाले. पोचलास की फोन कर."

"आन् केलास?"

"अजून नाही. चहा घेऊन..."

"गाढवा," वडील म्हणाले, "आधी फोन कर की. म्हातारा फोन हातात घेऊन बसला आसंल."

मी फोन लावला. धड एक रिंगही वाजली नाही. पलीकडे केडगावच्या घरातला भाऊबिजेचा गोंधळ ऐकू येत होता, भांडी, पोरं, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, आणि त्या सगळ्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, "पोचलास?"